एकट्याचे 100 गुण



बास्केटबॉलच्या एका सामन्यात,
एकट्याने,
100 गुण!

हे केलं विल्ट चेंबरलेन यांनी.
2 मार्च 1962.
अमेरिकेतलं हर्शी गाव.
समोर न्यूयॉर्कचा संघ.

विल्ट मूळचे फिलाडेल्फियाचे,
उंची सात फुटांहून जास्त.
पण फ्री थ्रो हे त्यांचं दुखणं.
समोर कुणी अडवायला नाही,
तरी चेंडू बाहेर!

म्हणून त्या मोसमात ते दोन्ही हातांनी,
खालून चेंडू टाकत.
त्या रात्री बत्तीसपैकी अठ्ठावीस आत!
एकट्याच्या 100 गुणांत त्यांचाही वाटा.

पुढे ही पद्धत त्यांनी सोडली.
का? तर बायकी वाटते म्हणून.
आता काय म्हणावं!



त्या 100 गुणांच्या सामन्याचं चित्रीकरण मात्र नाही.
शेवटच्या भागाचं रेडिओ समालोचन तेवढं आहे,
आणि ते आजही ऐकता येतं.