नकाशावरचीं गांवें व जमिनींतला धातु
(ज्युबिलीनिमित्त तरुणमंडळापुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आम्हीं इतिहासावर दोन शब्द बोलावे, अशी मंडळाची इच्छा आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यापासून एक निराळाच विषय आमच्या मनांत घोळत आहे. उजनीचें पाणी ओसरलें कीं धातुशोधक यंत्र खांद्यावर टाकून भीमेच्या कांठीं हिंडणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत, व त्यांत आपल्या घरचीं मुलेंही आहेत. त्यांची जिज्ञासा आम्हांस आवडते. त्यांचें खोरें आवडत नाहीं. म्हणून आज नकाशांविषयीं बोलतों.

नकाशाची विद्या आपल्या भागास परकी नाहीं. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल नांवाच्या अंमलदारानें पुणें जिल्ह्याची मोजणी केली. तीवर बसविलेला सारा इतका जड झाला कीं इंदापूरच्या पुष्कळ रयतेनें जमिनी टाकून दिल्या. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांतच नव्यानें आरंभ केला, आणि येथें ठरलेली पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरली. साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आज सातबाऱ्यावर आपण वाचतों तो गुंठा हाच. बारामती तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं दंगा होऊन सावकारांच्या वह्या व रोखे जाळण्यांत आले. सरकारी मोजणीचे कागद त्या आगीबाहेर राहिले. पणजोबांचें शेत कोठें होतें हें सांगावयास कित्येक घरांत आज तेवढेच उरले आहेत.

गांवनकाशा शेताची हद्द सांगतो. भोंवतालचा मुलूख कळावयास स्थलदर्शक नकाशा पाहिजे. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांत एक मैल जमीन एक इंच कागदावर उतरलेली असते. बारामती ४७ जे/१२ या पत्रकावर आहे व इंदापूर ४७ एन/४ वर. मध्यें ४७ जे/१६ येतें. ७५ अंशांचें रेखावृत्त इंदापूर शहराच्या किंचित् पश्चिमेकडून जातें, म्हणून एका तालुक्यासाठीं दोन निराळ्या क्रमांकांचे नकाशे शेजारीं मांडावे लागतात. समासांत खुणांची यादी असते: देऊळ, छत्री, ख्रिस्तमंदिर, मशीद, ईदगाह, थडगें, कबरी, विहीर. ही यादी पाठ केल्याशिवाय नकाशा वाचूं नये.

आतां मुख्य गोष्ट. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतील भीमाकांठ पाण्याखालीं गेला. १८५८ सालीं पुण्याहून डिकसळपर्यंत आलेला लोहमार्गही त्यामुळें त्या भागांत दुसरीकडून न्यावा लागला. जुनें पळसदेव बुडालें. पळसनाथाचें प्राचीन देऊळ मात्र जागींच राहिलें, व पाणी फार उतरलें म्हणजे तें सबंध उघडें पडतें. पाहावयास गर्दी लोटते. देवळाचीं छायाचित्रें सर्वत्र आहेत. त्याच्या भोंवतीं गांव होतें, हें कोणास आठवतें? आपल्यांपैकीं कित्येकांचे आजे अशा गांवांच्या वेशीबाहेर राहत. त्या वस्तीला शिखर नव्हतें, शिलालेख नव्हता. धरणापूर्वींच्या नकाशावर गांवापासून थोडें बाजूस जे चार तांबडे ठिपके असतात, तेवढीच तिची नोंद. आम्हांस त्या चार ठिपक्यांचें मोल एखाद्या मोहरेहून अधिक वाटतें.

बुडालेलीं गांवें अलीकडचीं झालीं. त्यांच्याही पूर्वींचीं ओसाड गांवें पुष्कळ. जुन्या दप्तरांत अशा गांवास ‘बेचिराग’ म्हणत, म्हणजे जेथें दिवा लागत नाहीं तें. शेतकरी शेताला ‘काळी’ म्हणतो व गांवठाणाला ‘पांढरी’, कारण माणूस राहिला म्हणजे राख, शेण व पडक्या भिंतींची माती मिळून जमिनीचा रंगच पालटतो. नकाशावर ओसाड खूण आणि रानांत पांढरीचें टेंकाड, हीं दोन जुळलीं कीं गांव सांपडलें म्हणून समजावें. यंत्राची गरजही पडत नाहीं.

आणि यंत्राला कळतें तरी काय? त्याच्या कड्यांतून वीज वाहते, खालीं धातु असला म्हणजे त्यांत उलट प्रवाह उठतो व कानांत नाद येतो. नांगराचा फाळ, बैलाची पत्री, सोड्याच्या बाटलीचें झांकण व तांब्याची शिवराई यांत त्यास फारसें अंतर दिसत नाहीं. शिवाय आपल्या काळ्या दगडाच्या मुलुखांत मातींतलें लोहही त्यास चकवितें. बारामती तालुक्यांत सोनगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६५ सालीं उत्खनन केलें, तेव्हां तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती निघाली. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम चाललें. तेथें घराच्या जमिनीखालीं, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, लहान मुलें पुरलेलीं आढळलीं. त्या आईबापांनीं आपलें लेंकरूं घराबाहेर जाऊं दिलें नाहीं. या रांजणांवर यंत्र वाजत नाहीं. पण नाण्याच्या आशेनें मारलेलें खोरें त्यांचा चुरा करतें, आणि कोणत्या थरांत काय होतें हें पुन्हां कोणालाच सांगतां येत नाहीं.

कायदाही ऐकून ठेवा. १८७८ च्या निखातनिधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडला तर जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवून तो हवालीं करावा लागतो किंवा जामीन द्यावा लागतो. लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवास आहे. संरक्षित स्थळीं परवान्याशिवाय खणणें हाही गुन्हा. गुप्तधन दाखवितों म्हणणारे मांत्रिक तर याहून वाईट. त्यांच्या नादानें नरबळीपर्यंत मजल गेल्यामुळें महाराष्ट्रास २०१३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा माणसास उंबऱ्याच्या आंत घेऊं नये.

मग तरुणांनीं करावें काय? नवे नकाशे सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर २०१७ पासून विनामूल्य मिळतात. जुना नकाशा त्यावर ठेवून न हललेल्या खुणा, म्हणजे टेंकडीवरचा मोजणीचा त्रिकोण, देऊळ, जुना पूल, अगोदर जुळवाव्या. एक इंची नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारें ६३ मीटर, हें विसरूं नये. विहिरीची खूण विहिरीहून कितीतरी मोठी असते. नांवें इंग्रजी कानानें लिहिलेलीं असल्यामुळें पुष्कळदां ओळखूं येत नाहींत. त्यांचा खरा उच्चार म्हाताऱ्या माणसांकडून घ्यावा, आणि तो या वर्षींच घ्यावा. धरण झालें तेव्हां जे विशींत होते ते आज पासष्टीच्या पुढें गेले आहेत. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत मूळ गांवाचें नांव लिहिलेलें असेल तर तेंही पडताळून पाहावें.

या तीन पत्रकांच्या मोठ्या प्रती शाळेच्या दिवाणखान्यांत लांब मेजावर मांडल्या आहेत. मिस्सानंतर आजीआजोबांस तेथें हात धरून घेऊन या. चष्मा विसरूं नका. ज्या ठिपक्यावर ते बोट ठेवतील तेथें पेन्सिलीनें बारीक आंकडा घाला, आणि त्यांचे शब्द, ते बोलतील तसेच, शेजारच्या वहींत त्याच आंकड्यापुढें लिहा.