‘च’ची गाठ

(सुरगाणा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठी व्याकरणात ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. शुद्ध अशासाठी, की ज्या शब्दाला ते चिकटते त्याचे सामान्यरूप होत नाही. शब्द होता तसा राहतो. अर्थ मात्र पार बदलतो. ‘मी गणितात नापास झालो’ ही एक घटना आहे. तिला तारीख आहे, गुण आहेत, पुढची परीक्षा आहे. ‘मी गणितात नापासच’ हा निवाडा आहे आणि त्याला तारीख नाही. ‘काल मी रागावलो’ आणि ‘मी तापटच’, ‘हंगामात द्राक्षबागेत मजुरीला जावे लागते’ आणि ‘आपल्या नशिबी मजुरीच’, या जोड्यांतही तेच घडते. माणूस स्वतःविषयी मनातल्या मनात जी गोष्ट सांगत असतो, ती अशा गाठी मारत मारत घट्ट होते. ध्यानाने ही गोष्ट पुसली जाते असे मी म्हणणार नाही. तिच्या जागी एखादी गोड गोष्ट बसवावी असेही नाही. गाठ बसत असताना ती दिसावी, एवढेच ध्यानाकडून मागता येते. पण ते एवढेसे नाही, असे मला आज मांडायचे आहे.

गोष्ट रचण्याची मनाला किती घाई असते, याचा एक पुरावा गेल्या शतकातला आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मेंदूसंशोधक मायकेल गॅझानिगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांचा अभ्यास केला. फिट आवरण्यासाठी या रुग्णांच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. अशा एका रुग्णाच्या डाव्या, बोलणाऱ्या गोलार्धाला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्या, मुक्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ उपसायचे फावडे. फावडे का, असे विचारल्यावर बर्फ न पाहिलेल्या डाव्या गोलार्धाने तत्काळ उत्तर दिले, की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. तो माणूस खोटे बोलत नव्हता. ‘ठाऊक नाही’ असे मात्र त्याला सुचलेही नाही. हे आजारी मेंदूचे झाले, असे कोणी म्हणेल. पण २००५ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी धडधाकट माणसांना दोन छायाचित्रांतून अधिक आवडणारा चेहरा निवडायला सांगितला आणि हातचलाखीने न निवडलेला चेहरा त्यांच्या हाती दिला. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षात आली नाही, आणि न केलेल्या निवडीची कारणे लोकांनी भरभरून सांगितली. म्हणजे स्वतःविषयी आपण जे ठामपणे सांगतो, त्यातले बरेचसे घडून गेल्यावर शिवलेले असते.

गोष्ट शिवलेली असते म्हणून ती फेकून द्यावी, असे मात्र ठरत नाही. या डोंगरपट्ट्याला ते वेगळे समजावून सांगायला नको. होळीनंतर सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाड्याकडे बोहाडे, म्हणजे सोंगांचे उत्सव, सुरू होतात. संबळ वाजतो, गणपती येतो, मग एकामागून एक सोंगे येतात. मुखवटा चढला की समोर देव असतो आणि लोक त्याला हातही जोडतात. त्यामागे कोणाच्या घरचा माणूस आहे, हेही सगळ्यांना ठाऊक असते. रावणाचे सोंग घेणारा सकाळी मुखवटा उतरवून घरी जातो. गाव त्याला वर्षभर रावण म्हणत नाही. सोंग मनापासून घ्यायचे आणि वेळ झाली की उतरवायचे, ही समज या परंपरेत आहे. मनातल्या ‘मी’च्या सोंगाची अडचण एवढीच, की ते कधी चढवले ते आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून उतरवायचे सुचत नाही.

ते चढताना पाहण्याची एक पद्धतशीर शाळा आपल्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली विपश्यना घेऊन भारतात आले आणि १९७६मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहू लागले. दहा दिवसांच्या शिबिराची रचना पाहा. आधी आर्य मौन, म्हणजे स्वतःची गोष्ट दुसऱ्याला ऐकवण्याची सोयच बंद. पहिले तीन दिवस नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. मग अंगावरच्या संवेदना पाहणे, आणि तासभर आसन न बदलण्याचा निश्चय. गुडघा दुखू लागतो. पाठोपाठ एक वाक्य येते: ‘मला हे जमणारच नाही.’ गुडघ्यातली कळ आणि हे वाक्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तिथे पुस्तकातून कळत नाही. बसल्या जागी कळते. बुद्धाने सल्ल सुत्तात हाच भेद दोन बाणांच्या दृष्टांताने सांगितला. पहिला बाण लागतो. दुसरा आपण स्वतःला मारून घेतो. कळ आपोआप येते-जाते, वाक्याला मात्र ‘च’ लागलेला असतो. वेदान्तातला साक्षीभाव आणि मनाशीच बोलणारे रामदासांचे मनाचे श्लोक यांतही मनापासून हातभर दूर उभे राहण्याचीच शिकवण आहे.

आता याचा खरोखर काही उपयोग होतो का, ते पाहू. टोरंटोच्या संशोधकांनी २००७ साली दाखवले, की आठ आठवड्यांच्या सजगतेच्या प्रशिक्षणानंतर माणसे चालू क्षणाच्या अनुभवाकडे लक्ष देतात, तेव्हा मेंदूचा स्वतःविषयी गोष्ट सांगण्याशी निगडित भाग अधिक शांत होतो. अनुभवणारा मी आणि गोष्ट सांगणारा मी सहसा गुंतलेले असतात. सरावाने ते सुटे करता येतात. त्याहून महत्त्वाचा पुरावा नैराश्याच्या उपचारांतला आहे. जॉन टीस्डेल आणि सहकाऱ्यांच्या २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४५ रुग्ण होते. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्क्यांना ते सुमारे वर्षभरात उलटले. सजगतेवर आधारित उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के राहिले. ज्यांना दोनदाच आजार झाला होता, त्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. हा अपवाद बोलका आहे. जिथे ‘मी असाच’ ही वाट वारंवार तुडवून खोल झाली होती, तिथेच ती दिसण्याचा उपयोग झाला. त्या रुग्णांना चांगले विचार करा असे शिकवले नव्हते; विचाराकडे विचार म्हणून पाहायला शिकवले होते.

यावर पहिला आक्षेप असा, की ध्यानाचे गुणगान पुराव्यापेक्षा मोठे झाले आहे. तो खरा आहे. २०१४ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लाभ होतो याचा मध्यम प्रतीचा पुरावा दिसला, पण व्यायाम किंवा औषध अशा उपायांपेक्षा ध्यान सरस ठरले नाही. काहींना ध्यानातून त्रासही होतो. म्हणूनच शिबिराच्या अर्जात मानसिक आजारांची चौकशी असते आणि गंभीर आजार असलेल्याने आधी डॉक्टर गाठणे शहाणपणाचे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: गाठ सुटण्याऐवजी ‘मी ध्यान करणारा’ ही नवी गाठ बसते. २०१८मध्ये जर्मनीतल्या योग आणि ध्यान करणाऱ्यांच्या अभ्यासात सरावानंतर स्वतःविषयीचा मोठेपणा कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. मला यात ध्यानाचा पराभव दिसत नाही. गोष्ट रचणाऱ्या मनाला सुट्टी नसते, याचा आणखी एक पुरावा दिसतो. ‘मी शांतच’ यातला ‘च’ ऐकू येत नसेल, तर बैठक कितीही तासांची असो, सोंग तेवढे बदलले.

तिसरा आक्षेप सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात टाळता येणार नाही. तो असा: सगळ्याच गोष्टी माणूस स्वतः रचत नाही. काही त्याच्या अंगावर लादल्या जातात. ‘मागास’ हा शब्द इथल्या मुलाने स्वतःसाठी शोधलेला नाही. १८७१च्या कायद्याने तर कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का १९५२पर्यंत कायद्यात राहिला. अशा माणसाला डोळे मिटून श्वास पाहायला सांगणे म्हणजे अन्याय गिळायला शिकवणे नव्हे काय? तसे सांगितले जात असेल, तर होय. पण भेद नीट केला तर उत्तर उलट येते. येवल्यात, याच जिल्ह्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. जन्म ही घटना त्यांनी नाकारली नाही. तिच्यावर इतरांनी मारलेली ‘च’ची गाठ नाकारली. ती प्रत्यक्ष सुटायला १४ ऑक्टोबर १९५६चा बौद्ध धम्मदीक्षेचा दिवस उजाडावा लागला, आणि सोबत लाखो माणसे लागली. म्हणजे आत पाहणे पुरेसे नसते. पण ज्याला लादलेली गोष्ट स्वतःचे हाड वाटते, तो ती बदलायला उठत नाही.

असे उठणे इथेही दिसले. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात या तालुक्यातले पाय फार होते. वनहक्क कायदा २००६चा. त्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसत असलेली जमीन नावावर व्हावी, ही मोर्चातली मोठी मागणी. ‘कसतो ती जमीन आमचीच’ या वाक्यातही ‘च’ आहे. तो सोडावा काय? मुळीच नाही. कारण त्याला पुरावा मागता येतो: कधीपासून कसता, बांध कुठला, साक्षीदार कोण, आणि तो दाव्याच्या कागदावर लिहिता येतो. ‘आपल्या नशिबी हेच’ यातल्या ‘च’ला काही विचारायला गेले, तर त्याच्याजवळ ना तारीख असते, ना साक्षीदार. एक ‘च’ हक्काचा, दुसरा सवयीचा. मन शांत करणारे ध्यान दोन्ही बोथट करील. सजग करणारे ध्यान दोन्ही वेगळे ऐकू देईल. पायाला फोड आले आहेत, ही घटना. ‘आपले कोण ऐकणार’ ही गोष्ट. फोडांसकट चालत राहिलेल्या माणसांनी हा फरक कोणत्याही शिबिरात न बसता दाखवला. तेव्हा ही दृष्टी ध्यानाच्या मालकीची नाही. ध्यान ही ती कमावण्याची एक वाट आहे.

आता दहावी-बारावीचे निकाल लागतील. घरोघरी एखादे वाक्य उच्चारले जाईल, आणि ज्याच्याविषयी ते असेल तो मुलगा किंवा मुलगी ते मुकाट्याने आत ठेवून घेईल. ‘गणितात तीस गुण पडले’ एवढे म्हणून थांबता आले, तर पुढे पुरवणी परीक्षेविषयी बोलता येते. त्या वाक्याच्या शेवटी ‘च’ लागला, की बोलायला काही उरत नाही.