वनातील कवकांची ओळख आणि डीएनए तंत्र
(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



झारखंड, छत्तीसगढ आणि ओडिशातील सालवनांत पावसाळ्याच्या आरंभी आदिवासी कुटुंबे झाडांखालची माती उकरून गोटीएवढी गोल भूछत्रे गोळा करतात. झारखंडात त्यांना ‘रुगडा’ म्हणतात, तर बस्तरमध्ये ‘बोडा’. हाटात त्यांना चांगला भाव मिळतो. हे कवक सालवृक्षाच्या मुळांशी सहजीवन साधते. ते मुळांना पाणी व खनिजे पुरवते आणि झाडाकडून शर्करा घेते. म्हणजेच जंगलाचे आरोग्य आणि तेथील माणसांचे उत्पन्न या दोहोंचा संबंध या कवकाशी आहे. असे असूनही त्याचे नेमके शास्त्रीय नाव दीर्घकाळ संदिग्ध राहिले.

पूर्वी ही भूछत्रे ‘ॲस्ट्रेअस हायग्रोमेट्रिकस’ या एकाच नावाने नोंदली जात. पुढे थायलंडमधील नमुन्यांवरून २००४ मध्ये ‘ॲस्ट्रेअस ओडोरॅटस’ आणि २००७ मध्ये ‘ॲस्ट्रेअस एशियाटिकस’ या स्वतंत्र प्रजाती वर्णिल्या गेल्या. २००७ च्या अभ्यासात डीएनएच्या तुलनेतून हा भेद अधिक स्पष्ट झाला. साहजिकच भारतीय नमुन्यांची नावेही पुन्हा तपासणे आवश्यक ठरले.

डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला हा भेद का उमगला नाही? कवकाचे खरे शरीर म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे होय. भूछत्र हे केवळ त्याचे फळ, तेही अल्पकाळ दिसणारे. अनेक कवकांना तर असे दृश्य फळ येतच नाही. आजवर सुमारे दीड लाख प्रजातींचे वर्णन झाले आहे. मात्र २०१७ मधील एका अंदाजानुसार जगातील कवकांच्या प्रजाती २२ ते ३८ लाख असाव्यात.

येथे डीएनए तंत्र उपयोगी पडते. पेशीतील रायबोसोमच्या जनुकांमध्ये ‘आयटीएस’ नावाचा एक पट्टा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची जनुके फारशी बदलत नाहीत. म्हणून तेथे प्रायमर, म्हणजे डीएनएचे आखूड तुकडे, जोडता येतात. मधला पट्टा मात्र वेगाने बदलतो, त्यामुळे बहुधा प्रजातीगणिक वेगळा असतो. १९९० मध्ये या पट्ट्यासाठी प्रायमर प्रसिद्ध झाले आणि २०१२ मध्ये संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आयटीएस हा कवकांचा सार्वत्रिक बारकोड म्हणून सुचविला. नमुन्यातून डीएनए वेगळा करणे, पीसीआरने त्या पट्ट्याच्या असंख्य प्रती तयार करणे, त्याचा अनुक्रम वाचणे आणि संदर्भसंग्रहाशी ताडून पाहणे, असे हे चार टप्पे आहेत. आता तर चिमूटभर मातीतील सर्व कवकांचे पट्टे एकाच वेळी वाचता येतात.

तथापि या तंत्राच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. फ्युजेरियमसारख्या काही गटांत आयटीएस पुरेसा ठरत नाही. अन्य जनुकेही तपासावी लागतात. मातीतील डीएनए मृत कवकाचाही असू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संदर्भसंग्रहात नाव नसेल तर वाचलेला अनुक्रम निनावीच राहतो. केवळ अनुक्रमाच्या आधारे नव्या प्रजातीला नाव देण्याचा प्रस्ताव २०१८ च्या आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत फेटाळला गेला. म्हणूनच प्रत्यक्ष नमुने जपणाऱ्या संस्थांचे मोल अबाधित आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रह आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रह ही त्याची उदाहरणे होत.

नावाच्या या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. रोपवाटिकेत सालाच्या रोपांना सहजीवी कवक द्यावयाचे असेल, तर कोणते कवक हे आधी निश्चित व्हावे लागते. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक समित्या लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करतात. त्यांत ‘रुगडा’ किंवा ‘बोडा’ या लोकनामासोबत अचूक शास्त्रीय नाव आले, तर त्या संसाधनावरील लाभाचा न्याय्य वाटा मागताना गावाची बाजू भक्कम होईल. ते भूछत्र कोठे, केव्हा आणि कोणत्या झाडाखाली उगवते, हे गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे. प्रयोगशाळा त्याचा अनुक्रम वाचू शकते. या दोन्ही ज्ञानांची नोंद एकाच पानावर होणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.