यंत्राचा हात आणि तुलनेचा न्याय



दीक्षान्त प्रसंगी वक्त्याने उपदेश करावा आणि श्रोत्यांनी तो शिष्टाचार म्हणून ऐकून घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज एका यंत्राची हकीकत सांगण्याची परवानगी मागतो.

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताकरिता अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी ‘एमआयटी-मॅनस’ हे यंत्र सिद्ध केले. रुग्ण मेजाशी बसतो, त्याचा हात पट्ट्यांनी यंत्राच्या भुजेस बांधतात, आणि समोरच्या पडद्यावरील ठिपका त्याला मध्यापासून भोवतालच्या एकेका बिंदूकडे न्यावयाचा असतो. हात आपण होऊन निघाला तर यंत्र मुकाट्याने मागोमाग जाते, आणि अडखळला तर हलकेच त्याला वाटेवर आणते. 1997 साली न्यूयॉर्क राज्यातील बर्क पुनर्वसन रुग्णालयातील 20 रुग्णांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि यंत्राविषयी मोठी अपेक्षा उत्पन्न झाली.

परंतु रुग्ण सुधारला, एवढ्यावरून तो यंत्रामुळेच सुधारला असे ठरत नाही. त्याच्याकडे रोज तासभर कोणी लक्ष पुरविले, हेही कारण असू शकते. म्हणूनच अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 127 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले गेले: एकास यंत्र, दुसऱ्यास उपचारकाच्या हातून तितकाच कसून व्यायाम, आणि तिसऱ्यास नित्याची शुश्रूषा. 12 आठवड्यांनंतर यंत्राचा गट इतर दोहोंपैकी कोणाहूनही निर्णायकपणे सरस ठरला नाही. 36 आठवड्यांनी नित्याच्या शुश्रूषेपेक्षा थोडी आघाडी दिसली, कसून व्यायाम करविणाऱ्या माणसापेक्षा नाही. यात यंत्राचा पराभव पाहणे मला उतावीळपणाचे वाटते, कारण मधला गट नसता तर परिश्रमाचे सारे श्रेय यंत्राच्या खाती जमा झाले असते.

याहून मोठा दाखला ब्रिटनचा आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत 770 रुग्ण होते आणि यशाची कसोटी हाताच्या प्रत्यक्ष कार्यक्षमतेची होती: ठोकळा उचलणे, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणे, हात तोंडापर्यंत नेणे. तीन महिन्यांनी यंत्राच्या गटात 44 टक्के, वाढीव मानवी उपचाराच्या गटात 50 टक्के आणि नित्याच्या शुश्रूषेत 42 टक्के रुग्ण यशस्वी ठरले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता, आणि खर्चाच्या हिशेबातही दोन्हींपैकी एकही विशेष उपचार परवडणारा ठरला नाही. विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. खांदा, कोपर, मनगट यांच्या हालचालींना गुण देणाऱ्या फुगल-मायर मापनात यंत्राच्या गटाने नित्याच्या शुश्रूषेहून अधिक प्रगती दाखविली होती, पण ती प्रगती पेल्यापर्यंत पोहोचली नाही. घरी परतलेल्या रुग्णास कोपर किती अंश सरळ होते याची काय मातब्बरी, त्याला सदऱ्याची गुंडी लावावयाची असते!

अशा चाचणीत आणखी एक पेच असतो. औषधाच्या गोळीसारखी दुसरी निर्गुण गोळी देता येते, पण आपण यंत्राला बांधलेलो आहोत हे रुग्णापासून लपविता येत नाही. म्हणून निदान गुण देणाऱ्या परीक्षकास तरी गट कळू नये, अशी दक्षता घ्यावी लागते, आणि एखादा बोलका रुग्ण बसता बसताच सारा तपशील सांगून ती फोल ठरवू शकतो.

स्नातकहो, उद्या आपल्या रुग्णालयाच्या दारी असे यंत्र गुळगुळीत माहितीपत्रकासह येईल आणि खरेदीच्या मंजुरीपूर्वी आपला अभिप्राय मागितला जाईल. तेव्हा तुलना कोणाशी केली आणि मापले काय, हे दोन प्रश्न दप्तरी नोंदवा. स्वतः चाचणी करणार असाल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2007 पासून चालू असलेल्या नोंदवहीत पहिला रुग्ण दाखल करून घेण्यापूर्वीच आपली कसोटी लिहून ठेवा, आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.