दम्याचा पंप आणि आपले डोळे
(राजापेठ येथील पालक सभेत दिलेले भाषण)



"पंपाने डोळे जातात," असे कोणीतरी सांगितले आणि आमच्या अम्मींनी पंप पेटीत ठेवून दिला. तिसऱ्या रात्री दमा असा उसळला की पहाटे दवाखाना गाठावा लागला. म्हणून आज हा विषय घेतला.

ही भीती अगदीच निराधार नाही. धोतरा आपणांस ठाऊक आहे. दम्यावर त्याचा धूर ओढण्याची जुनी रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली. धोतरा विषारी, आज कोणी तसे करू नये. त्यातील अ‍ॅट्रोपीनने श्वासनळी सैल होते, तशी डोळ्यातील बाहुलीही मोठी होते. आजचे इप्राट्रोपियम त्याच कुळातले. नेब्युलायझरचा मास्क सैल बसला तर औषध डोळ्यांत जाते आणि काही जणांना काचबिंदूचा झटका येऊ शकतो. डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

स्टिरॉइडच्या पंपाची गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स पाहणीत (१९९७) तो वापरणाऱ्यांत मोतीबिंदू अधिक आढळला. एकूण मात्रा जितकी जास्त, तितका धोका जास्त.

तेव्हा मास्क नीट बसवावा, डोळे वेळोवेळी तपासून घ्यावेत, मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. आपल्या मनाने पंप बंद करू नये.

अम्मी आता पंपही घेतात आणि डोळेही तपासून घेतात.