शेजारधर्माचा पट



आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति?', कोण जागे आहे, असे विचारत फिरते, ही श्रद्धा सर्वपरिचित आहे. परंतु कोजागरी व्रतात लक्ष्मी व इंद्र यांच्या पूजनाबरोबरच अक्षक्रीडेने, म्हणजे फासे खेळून, जागरण करावे असेही विधान आहे. त्याचे मात्र विस्मरण झाले. ज्या परंपरेने ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या संसाराची वाताहत वर्णिली, तिनेच वर्षातील एक रात्र खेळासाठी राखली. दोष फाशांचा नसून लोभाचा आहे, हा विवेक त्यामागे आहे.

सारीपाट चार भुजांचा आणि 96 घरांचा. खेळणारे चौघे, समोरासमोरचे दोघे भिडू, शेजारचे प्रतिस्पर्धी. पुढच्या डावात जागा बदलल्या की कालचा प्रतिस्पर्धी भिडू होतो. याच कुळातील पचिशीवरून इंग्लंडमध्ये 'लुडो'चे पेटंट घेतले गेले. आज तो मोबाईलवर अनोळखी माणसांशी खेळला जातो आणि भिंतीपलीकडचे घर अनोळखीच राहते.

सिन्नरला हा विषय जवळचा आहे. विडी वळणाऱ्या हातांचे हे गाव माळेगाव व मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे विस्तारले. दूरदूरची कुटुंबे येथे भाड्याने राहू लागली. दारावरची पाटी ठाऊक असते. माणूस ठाऊक नसतो.

यासाठी मोठा खर्च किंवा मंच नको. गच्चीवर सतरंज्या, एका पातेल्यातले आटीव दूध, दोन-तीन पट, पत्ते आणि सागरगोटे पुरेत. निमंत्रण फलकावर न लावता दारी जाऊन द्यावे. पैसा व बक्षीस दोन्ही वर्ज्य असावे. खेळ न येणाऱ्याला जाणत्या आजींचा भिडू करावे. दुसऱ्या पाळीहून उशिरा परतणाऱ्या कामगारासाठी जागा राखावी.

आणि वर्षभर जिना झाडणारी भगिनी, रात्रभर जागणारा पहारेकरी? त्यांना दुधाचा पेला बाहेर नेऊन देणे हे औदार्य झाले. सतरंजीवर शेजारी बसवून फासे हाती देणे ही समरसता होय. समाजसंघटनेचा खरा कस येथेच लागतो.

यादवकालीन गोंदेश्वराच्या पंचायतनात मधोमध महादेव आणि भोवती चार देवतांची मंदिरे आहेत. गाभारे पाच, जोते एकच. सिन्नरच्या प्रत्येक गच्चीने कोजागरीला तेवढे अनुकरण केले, तरी लक्ष्मीच्या प्रश्नाला एका घराऐवजी सारा शेजार उत्तर देईल.