सुटकेनंतरचे घर

वाराणशीत दोन कारागृहे आहेत. जिल्हा कारागृह चौकाघाटला आणि मध्यवर्ती कारागृह शिवपूरला. त्यांच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती सुटकेचा कागद असतो. परंतु 'आता जाणार कोठे?' हा प्रश्न त्याला त्या दिवशी बहुधा प्रथमच विचारला जातो, आणि विचारणारा असतो रिक्षावाला.

न्यायालय शिक्षा एकाला देते, पण ती भोगते संबंध कुटुंब. कमावता माणूस गेला की प्रथम भाड्याची खोली सुटते. गावी जमिनीचा तुकडा असला तर तो भाऊबंदांच्या ताब्यात जातो. स्त्री कैद्याची अवस्था याहून बिकट असते. उत्तर प्रदेशात दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्या स्त्रियांसाठीचे स्वतंत्र कारागृह लखनौला आहे. वाराणशीच्या मुलांना तेथे आईला भेटायला जायचे तर मजुरी बुडवून कोणीतरी सोबत जावे लागते. मूल आईजवळ कारागृहात राहू शकते ते वयाच्या सहाव्या वर्षापर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ही मर्यादा स्पष्ट केली. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर त्या मुलाने कोठे जावे, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

वाराणशीच्या नागरिकांनी हा प्रश्न हाती घ्यावा याला एक ऐतिहासिक कारणही आहे. स्वातंत्र्यानंतर खुल्या कारागृहाचा मोठा प्रयोग याच परिसरात झाला. त्याचे प्रवर्तक डॉ. संपूर्णानंद हे काशीचेच. ज्यांच्या नावाने येथील संस्कृत विश्वविद्यालय ओळखले जाते, तेच हे गृहस्थ. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी स्वतः अनेकदा तुरुंगवास भोगला होता. 1952 साली, त्या वेळी वाराणसी जिल्ह्यात व आता चंदौली जिल्ह्यात असलेल्या चकियाजवळ, चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामासाठी कैद्यांचे शिबिर उभारण्यात आले. तेथे उंच भिंती नव्हत्या, कैद्यांच्या पायांत बेड्या नव्हत्या आणि कामाची मजुरी मिळत असे; तीतून त्यांच्या निर्वाहाचा खर्च वळता करून घेतला जाई. पुढे नौगढला कर्मनाशेच्या धरणावर आणि सारनाथजवळ वरुणा नदीवरील पुलासाठी अशीच शिबिरे झाली. 1956 मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातील घुर्मा येथे चुर्कच्या सिमेंट कारखान्यासाठी दगड काढण्याचे काम कैद्यांनी हाती घेतले. मोकळे सोडलेले कैदी पळून जातील, ही भीती या शिबिरांनी बव्हंशी खोटी ठरवली.

तथापि या शिबिरांत एक उणीव होती. ती कामाच्या भोवती उभी राहिली होती, घराच्या भोवती नव्हे. धरण पुरे झाले की शिबिर उठे. कैद्याला मजुरी मिळाली, मोकळे आकाश मिळाले. त्याची बायकामुले मात्र जेथे होती तेथेच राहिली.

ही उणीव ज्यात नव्हती असा प्रयोग महाराष्ट्रात आधीच झाला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत स्थापन केली. खून केलेल्या माणसांनाही तेथे शेती कसावयास आणि कुटुंबासह राहावयास मोकळीक होती. व्ही. शांताराम यांच्या 1957 सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत. चित्रपट बर्लिनपर्यंत जाऊन पारितोषिक घेऊन आला. वसाहत मात्र मोजक्या कुटुंबांपुरतीच राहिली. सरकारला एखादी कल्पना पडद्यावर जितकी आवडते तितकी अंदाजपत्रकात आवडत नाही.

संपूर्णानंद पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले. 1963 साली जयपूरजवळ सांगानेर येथे खुले बंदी शिबिर सुरू झाले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. तेथे कैदी कुटुंबासह राहतो, दिवसा शहरात जाऊन रोजगार करतो आणि संध्याकाळच्या हजेरीला परततो. अन्न व चरितार्थ त्याने स्वतःच्या कमाईतून चालवायचा असतो. कैद्यांची स्वतःची पंचायत आहे. मुले शाळेत जातात.

आणि येथेच ती विलक्षण गोष्ट घडते. शिक्षा संपलेले काही कैदी ही वसाहत सोडावयास तयार नसतात. प्रशासनाला त्यांना बाहेर काढावे लागते. ऐकणाऱ्याला हसू येते, पण यात हसण्याजोगे काही नाही. मुलांची शाळा, रोजचे काम, शेजार, डोक्यावरचे छप्पर हे सारे त्या माणसाला कैदी म्हणून मिळालेले होते. कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र झाला त्याच क्षणी त्याचे कुटुंब बेघर झाले.

शहरांतील रैनबसेरे या कुटुंबाच्या उपयोगाचे नसतात. 2024 पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात लाखभर वस्तीमागे शंभर माणसांचा निवारा, दरडोई किमान पन्नास चौरस फूट, असे मान ठरले होते. मान चांगले, पण बहुतेक ठिकाणी पुरुषांचा निवारा वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा. नवरा-बायको पुन्हा वेगळी होतात, आणि या वेळी कोणत्याही न्यायाधीशाने तसे सांगितलेले नसते. घरबांधणीच्या अनुदानासाठी स्वतःच्या जागेचा पुरावा लागतो. शिधापत्रिकेवरील नाव कमी झालेले असेल तर ते पुन्हा चढवण्यासाठी राहण्याचा पत्ता लागतो.

न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने 1983 मध्येच सांगून ठेवले होते की अनुरक्षण, म्हणजे सुटकेनंतरची देखभाल, ही कारागृह विभागाची वैधानिक जबाबदारी असावी. ते दानधर्माचे काम नव्हे. 2023 च्या आदर्श कारागृह अधिनियमाने खुल्या संस्था आणि पुनर्वसन या दोहोंना स्थान दिले. परंतु कारागृहे हा राज्यांचा विषय असल्याने, राज्याने कायदा करीपर्यंत ही तरतूद कागदावरच राहते. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली : जामिनासाठी चाळीस हजार आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत साहाय्य. दार उघडण्यापुरता हा पैसा उपयोगी आहे. दारापलीकडच्या पहिल्या महिन्याच्या भाड्याची तरतूद त्यात नाही.

नागरिकांच्या मागण्या म्हणून नेमक्या असाव्यात. सुटकेच्या आधी काही महिने कुटुंबाचा पत्ता, शिधापत्रिका आणि मुलांची शाळा यांची नोंद कारागृहातच व्हावी. खुल्या वसाहतीतील घर सुटकेनंतर निदान एक वर्ष, माफक भाड्याने, त्याच कुटुंबाकडे राहावे. स्त्रियांना खुल्या कारागृहासाठी अपात्र ठरवणारे जे नियम अनेक राज्यांत चालत आले, ते रद्द व्हावेत. शहरातील निवाऱ्यांत काही खोल्या कुटुंबांसाठी असाव्यात.

अशा आग्रहाचा उपयोग होतो, याचे उदाहरण सांगानेरचेच आहे. तेथील जमिनीचा काही भाग रुग्णालयासाठी घेण्याचे ठरले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खुल्या कारागृहांचे क्षेत्र कमी करण्याचा कोणताही प्रयत्न होऊ नये, असा आदेश न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला. रुग्णालय नको असे कोणीच म्हणत नव्हते. पण जागा हवी झाली की प्रथम नजर जाते ती ज्यांना मतदारसंघ नाही त्यांच्या अंगणाकडे. ज्या उत्तर प्रदेशात या शिबिरांचा आरंभ झाला, त्याचे तराईतील सीतारगंजचे शिबिर 2000 सालच्या राज्यविभाजनात उत्तराखंडाकडे गेले. चकियाचे धरण मात्र जागेवर आहे, आणि कैद्यांनी अडवलेले पाणी चंदौलीची भातशेते आजही पितात.